सिस्टेमिक बाही

“कुणाच्या हातचं आहे हे?”

वडिलांचा हा आवाज ताईंच्या कानात अजून तसाच होता. माहेरच्या शिवणाच्या दुकानात एखादं बटण तिरकं लागलं, की वडील ते कापड उजेडात धरायचे आणि एवढंच विचारायचे. मशीन थांबायची, एक मान खाली जायची, आणि संध्याकाळच्या आत बटण सरळ व्हायचं. चुकीला हात असतो आणि हाताला माणूस असतो, ही ताईंची लहानपणापासूनची समजूत.

म्हणून आज त्या नवऱ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मापाला उभ्या केलेल्या नवऱ्याच्या अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट होता, नमुन्याचा. ताईंच्या कारखान्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, आजवर बायकांचे झगे आणि पोरींचे फ्रॉकच शिवले गेले होते. दवाखान्याच्या चाळीस कोटांचं हे पहिलं मोठं काम. ते नीट पार पडलं तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नाही तर समोरचा शिंपी टपलेलाच होता.

“हात खाली सोडा.”

“सोडलाय की,” नवरा म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरात गप्प राहायचा.

उजवी बाही मनगटाशी शहाण्यासारखी थांबली होती. डावी मात्र तळहातावर उतरली होती.

“कुणाच्या हातचं आहे हे?”

“ताई, दोन्ही बाह्या एकीवर एक ठेवून कापल्यात, एका कात्रीत,” कापणारी म्हणाली.

“खांद्याची शिवण मोजून घ्या. सूतभर फरक निघाला तर मशीनला हात लावणार नाही,” शिवणारी म्हणाली.

ताईंनी कोट टेबलावर पसरून टेप लावली. बाह्या तंतोतंत सारख्या. पुन्हा नवऱ्याला चढवला, पुन्हा डावी लांब!

“टेबलावर जुळ्या बहिणी आणि अंगावर सावत्र? मला काय वेड लावायचं ठरवलंय सगळ्यांनी मिळून?”

तेवढ्यात कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणारे भावोजी, म्हणजे ताईंचे दीर, उठले. ते नुकतेच ऑफिसच्या खर्चानं प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि तिथून एक शब्द घेऊन आले होते.

“वहिनी, हे सिस्टेमिक आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे दोष एका जागी नाही, सगळ्या व्यवस्थेत मुरलाय. बघा ना, प्रत्येक भाग बरोबर आणि अख्खी वस्तू चूक! हेच सिस्टेमिक. इथे एकाला धरून उपयोग नाही.”

“म्हणजे चूक सगळ्यांची?”

“सगळ्यांची. आणि तसं पाहिलं तर कुणाचीच नाही.”

ताईंचा पारा चढला. “वा रे वा! चाळीस कोट माझ्या उरावर, आणि चूक कुणाचीच नाही? उद्या तुम्ही माझ्या पायावर पाय द्याल आणि म्हणाल, वहिनी, पायाकडे नका बघू, अख्ख्या व्यवस्थेकडे बघा!”

पण शब्द सुटला होता. दुपारी चहा उतू गेला, तेव्हा दुमडी घालणारी पुटपुटली, “सिस्टेमिक आहे, ताई.” संध्याकाळी मुलीनं गणिताचा पेपर पुढे केला. “आई, ह्यात मला एकटीला धरून उपयोग नाही.” ताईंनी तिला एकटीलाच धरलं.

शेवटी दिवस उरले नाहीत, तेव्हा भावोजींच्या उपायावाचून इलाज राहिला नाही. दोष सगळ्यांचा, तर दुरुस्तीही सगळ्यांनी करायची. कापणारीनं डावी बाही नखभर कमी कापली, शिवणारीनं खांद्याशी थोडी आत घेतली, दुमडी घालणारीनं मनगटाशी जास्त दुमडली. सुई वर, सुई खाली, चाळीस कोट झाले. पहिला नवऱ्याच्या अंगावर चढला आणि दोन्ही बाह्या मनगटांवर नेमक्या टेकल्या.

“बघा!” भावोजींची छाती कोटात मावेना. खरं तर पोटही मावत नव्हतं, म्हणून तर मापाला त्यांना कुणी उभं केलं नव्हतं.

नवरा मात्र कोट काढून घाईघाईनं आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचा माणूस आला. त्यानं कोट घालून पाहिला. डावं मनगट उघडं. दुसरा घातला, तेच. तिसरा, तेच.

“बाई, आमचे डॉक्टर काय डाव्या हातानं लहानपणीच वाढायचे थांबलेत? संध्याकाळपर्यंत नीट करून द्या. नाही तर मी समोर जातो.”

तो गेला. भावोजींनी घसा साफ केला. “वहिनी, माझ्या मते आपण व्यवस्थेचा आणखी खोलवर...”

“तुमचं मत घडी करून ठेवा, भावोजी, आणि हात पुढे करा!”

भावोजींच्या पोटावर कोटाची बटणं लागली नाहीत, पण डावं मनगट उघडं पडलं. कापणारीला चढवला, उघडं. शिवणारीला चढवला, उघडं. मग ताईंनी आतून नवऱ्याला ओढून आणलं. त्याच्या अंगावर कोट असा बसला, जणू जगात ह्याच एका माणसासाठी चाळीस कोट शिवले होते.

ताई कोटाकडे बघत राहिल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी कोटाच्या आतल्या माणसाकडे पाहिलं.

“उसवा,” त्या हळूच म्हणाल्या. मग ओरडल्या, “उसवा सगळ्या डाव्या बाह्या! शिवणीच्या आत जास्तीची माया ठेवलीय भरपूर, कापड सोडा तेवढं!”

भावोजीसुद्धा दोरे ओढत बसले. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत कोट गठ्ठ्यात बांधून दवाखान्यात गेले. निरोप आला, ठीक आहेत, पुढचं काम पाठवतो.

बायका घरी गेल्या. ताईंनी टेप उचलली. “इकडे या.”

नवरा आला. त्यांनी उजवा खांदा मोजला, डावा मोजला. डावा दोन बोटं खाली होता.

“कधीपासून?”

“लहानपणी झाडावरून पडलो, तेव्हापासून.”

“इतकी वर्षं संसार केला! एवढे दिवस मी चारचौघींना चोर ठरवलं, त्या भावोजींचा शब्द घरभर नाचला, आणि तुम्ही कोट घालून पुतळ्यासारखे गप्प?” ताईंचा आवाज तापत गेला. “एक सदरा कधी माझ्याकडून शिवून घेतला नाहीत, सगळे तयार आणलेत, ते ह्याच्यासाठी?”

त्यानं खांदा चोळला.

“शिंप्याची लेक तू. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मुद्दाम भिंतीला टेकून उभा राहिलो होतो, सरळ दिसावं म्हणून. नंतर रोज वाटायचं, सांगावं. पण भीती वाटायची, आता सांगितलं तर मलाही उसवायला काढशील.”