तात्यांच्या बैठकीतला बंद पंखा

कळंबमध्ये मे महिन्याच्या भर दुपारी छताचा पंखा बंद करून बसणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे भगवानतात्या. वीज असते, पंखा धडधाकट असतो, तरी बंद. फॉर्म भरायला आलेली माणसं घामानं निथळत असतात आणि तात्या बंडीवर कॉम्प्युटरसमोर अगदी तृप्त.

साखर कारखान्यात वायरमन म्हणून जन्म काढला, आता घरबसल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. यंत्रांचा ताप ओळखण्यात त्यांचा हातखंडा. फ्रिज असो की माझी मोटारसायकल, आधी उलटा हात लावणार, डोळे मिटणार आणि निकाल देणार, "अंग लई तापलंय, गुरुजी."

यंदा ताप त्यांच्याच कॉम्प्युटरला आला. माझ्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या पानावर असताना पडदा काळा झाला. मुदतीला चारच दिवस उरले होते, माझा जीव टांगणीला. तात्यांनी शांतपणे कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि मदरबोर्डवरचा बिस्किटाएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा दाखवला.

"ह्याच्याखालची चिप साऱ्या बोर्डाचा कारभार बघती. तिची गरमी ह्या ठोकळ्यानं बाहेर सोडायची. पर ह्यो पडला बारका. घरात माणसं धा अन् खिडकी एक!"

धाराशिवच्या दुकानदारानं सोपा उपाय सांगितला : ठोकळ्यावर छोटा पंखा बसवा. तात्यांनी बसवला. तो डासासारखा गुणगुणायला लागला, आणि तासाभरात तात्यांनी तो उपटून माझ्या हातात ठेवला. "ह्यो नगं. मुका इलाज पाहिजे."

मला रागच आला. छताचा नको, चिपचा नको, पंख्यांनी ह्या माणसाचं काय घोडं मारलंय?

मुका इलाज भंगारात सापडला. मांडववाल्याचा एक जुना ॲम्प्लिफायर होता, त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या उंच पात्यांचा जाड पत्रा. तात्यांनी त्यातला तळहाताएवढा तुकडा करवतीनं कापला. आता त्याचं बूड गुळगुळीत करायला हवं, नाहीतर चिपवर नीट टेकत नाही. त्यासाठी ह्या थोर कारागिरानं काय घ्यावं? देवघरातली सहाण! दोन दिवस घासत होते. तिसऱ्या दिवशी सगळ्या देवांच्या कपाळी राखाडी गंध. तात्यांच्या पत्नी सुमनकाकू दोन वर्षांपासून लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या, पूजा तात्याच करतात. पण काकूंची नजर शाबूत. म्हणाल्या, "आता देवाला बी त्या डब्यात बसवा." हे तात्यांनीच मला हसत सांगितलं.

मग चिपवर पेस्ट लावली, विड्याला चुना लावावा तितकीच बेतानं. ठोकळा बसला. यंत्र दुपारभर चाललं, अर्ज गेला, माझा जीव भांड्यात पडला. तात्यांनी ठोकळ्याला उलटा हात लावला. "उतरला ताप."

"मग आता तरी वरचा पंखा लावा की हो!" मी म्हणालो.

तात्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि लगेच परत आले.

"गुरुजींला च्या टाका म्हणती."

"काकूंनी हाक मारली?"

"व्हय. आवाज पार बारीक झालाय तिचा. दुसऱ्यांदा हाक मारायची म्हणलं की दम लागतो. कसला बी पंखा फिरला की पहिली हाक जाती वाया. म्या घंटी आणून दिली हुती. म्हणली, जन्मभर 'अहो' म्हणून बोलावलं, आता घंटी वाजवून बोलावू का तुम्हास्नी?"

तात्या चहा टाकायला गेले. मला माझ्या रागाची फार लाज वाटली. मी रुमालानं घाम पुसला. खुर्ची जरा दाराकडे सरकवावी असं मनात होतं, पण ती फरशीवर करकरली असती. तसाच बसून राहिलो.