जुनी पद्धत, नवी पद्धत

लीलाबाईंनी प्रूफ हातात घेतलं आणि बांगड्याच्या तिखल्याच्या कृतीत मीठ शोधू लागल्या. मीठ नव्हतं. कोकमं नव्हती, तिरफळं नव्हती. 'चमचा घालून ढवळू नका' असं त्यांनी मुद्दाम बजावलं होतं, तिथे 'चमचा घालून ढवळू' एवढंच उरलं होतं.

मालवणच्या महिला मंडळाच्या पाककृतींच्या पुस्तकाची ही दुसरी आवृत्ती. शाळेत मराठी शिकवतात म्हणून संपादन बाईंच्या गळ्यात पडलेलं. हळदीकुंकू तोंडावर आलं होतं आणि पुस्तक तिथेच वाटायचं होतं. त्या तशाच तरातरा भाईच्या छापखान्यात गेल्या.

भाईने शांतपणे सांगितलं की शब्दाखाली एक रेघ दिसली की तो शब्द गाळायचा. पहिल्या आवृत्तीच्या वेळी एक रेघ म्हणजे ठळक होतं, हे त्यालाही मान्य होतं. पण मध्यंतरी तो कोल्हापूरला एक मोठा छापखाना बघून आला आणि तिथल्या खुणा त्याने इथे लागू केल्या. आता ठळक म्हणजे दोन रेघा. हे त्याने बाईंना कळवलंही होतं, म्हणून नव्या पाककृतींवर त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या. जुन्या पाककृतींची मात्र पहिल्या वेळचीच, एका रेघेची पानं धाडली होती.

"अहो, जुन्या पानांना जुनाच नियम नको का लावायला?"

"जुना पान खंयचा नि नवा खंयचा, ता माका कसा कळतला?"

मुद्दा बरोबर होता, त्यामुळे बाईंचं डोकं आणखीच तापलं. तिथेच स्टुलावर बसून त्यांनी लाल पेन्सिलीने प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहिलं: 'जुनी पद्धत' नाहीतर 'नवी पद्धत'. कुठे काय करायचं ते भाईकडून दोनदा वदवून घेतलं. पुन्हा प्रूफ बघायला वेळ नव्हता.

हळदीकुंकवाला पुस्तक आलं. मीठ जागेवर होतं, तिरफळं ठळक होती. आणि प्रत्येक पाककृतीच्या डोक्यावर, वेलबुट्टीच्या चौकटीत, 'जुनी पद्धत' किंवा 'नवी पद्धत' छापलेलं होतं.

मंडळाच्या अध्यक्ष सुगंधाताईंची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, पाककृती याच आवृत्तीत पहिल्यांदा आली होती. त्यांनी पान उघडलं आणि हातातलं अत्तरदान खाली ठेवलं.

"तिसरे माज्या आजेसासवेच्या हातचे. ते नवे कसे झाले गो, लीला?"

मंडळातल्याच जानकीचा बिस्किटांचा केक, मुंबईच्या भाचीकडून शिकलेला, पहिल्या आवृत्तीतला म्हणून 'जुनी पद्धत' ठरला होता. ती खुशीत पुस्तक मिटायलाच तयार नव्हती. बाई रेघांचं समजावू लागल्या, पण ऐकायला कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या भाईकडे गेल्या, तर तो म्हणाला, "तुमी वर लिवलास, मी वर छापलंय." बाईंनी कपाळाला हात लावला आणि विषय सोडून दिला.

पुढे गणपतीत सुगंधाताईंनी मुंबईहून आलेल्या व्याह्यांना जेवायला घातलं. बाईंनाही आग्रहाचं बोलावणं होतं. जेवण झाल्यावर ताईंनी स्वतः बशा आणल्या. बशीत बिस्किटांचा केक होता.

"खावा," त्या व्याह्यांना म्हणाल्या. "आमच्या मालवणची जुनी पद्धत आसा. लीलाबाईंनी पुस्तकात घातलीहा."

व्याह्यांनी बाईंकडे आदराने पाहिलं. बाईंनी आणखी एक तुकडा घेतला.