परबकाकांची चिवट हवा

परबकाकांच्या दारावर पाटी होती : ‘कडी वाजवू नये. हाक मारावी.’ मुलुंडच्या त्या इमारतीत मी नवी होते, म्हणून कडी वाजवली. आतून असा कडाड आवाज आला की हातातलं विरजण माझ्याच पायांवर सांडलं. टेबलावरच्या दोन पितळी गोळ्यांमध्ये जांभळी ठिणगी थयथय नाचत होती.

“भिऊ नको गो,” काका म्हणाले. “हवा फुटली.”

हवाही फुटते हे मला तेव्हा कळलं. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्याच कपाळाला हात लावून ताप बघितला.

काका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. निवृत्तीनंतर ती हौस घरी आली, आणि काकी गेल्यावर तिला अडवणारं कोणी उरलं नाही. गोळे थोडे थोडे लांब सरकवायचे, ठिणगी कुठवर उडी मारते ते बघायचं, मग वीज बंद करून काकींच्या शिवणाच्या पट्टीने अंतर मोजायचं. जिन्यात भेटेल त्याला अहवाल मिळे : “आज हवा चिवट आहे. फुटेना.” लोक मान डोलावून सटकत.

पण रविवारी संध्याकाळी, टीव्हीवर सिनेमा लागला की ती हमखास फुटायची. अख्खा मजला आमच्या घरी जमलेला, नायिका रडायला लागलेली, आणि पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा. मग चारपाच जण तावातावाने वर भांडायला जात. शेवटी कमिटीने ठरवलं, यंत्र भंगारात द्यायचं, नाहीतर काकांची वीज तोडायची. निरोप सांगायला मला धाडलं. ऐन खुनाचा उलगडा होताना उठावं लागलं, त्यामुळे मी चांगलीच तापले होते.

दार उघडंच होतं. ठिणगी कडाडत होती. शेजारी सहा कप मांडलेले, बशीत खारी, आणि स्टोव्हवर चहा उकळत होता.

काकांनी माझ्यामागे जिन्यात डोकावून पाहिलं. “एकटीच? बाकीचे नाय आले भांडायला?”

मी हबकलेच. “काका, तुम्ही हे मुद्दाम करता?”

“एरवी कोण येतो गो? ही होती तोवर सगळे यायचे.”

मी कमिटीचा निरोप सांगितला. काकांनी यंत्र बंद केलं आणि मांडलेले कप एकेक करून उचलायला लागले. मला फार वाईट वाटलं.

“राहू देत ते कप,” मी म्हटलं. “बटण कुठलं?”

“लांब उभी राहा,” काका म्हणाले, आणि बोट दाखवलं.

मी ते दाबलं. खालून आमच्या ह्यांची आरोळी आली, “अहो परब!” पाठोपाठ जिन्यात चपला वाजल्या. काकांनी घाईघाईने चहात आणखी दूध ओतलं.