दूरज्योतीच्या पारण्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे पायीं माथा ठेवोन, वडिलांमुखें ऐकिलें तें यथामति लिहितें. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, मार्गशीर्षमासीं राज्यांत ऐसें वर्तलें, कीं राणी सुलक्षणाबाईसाहेब यांणीं व्रत धरिलें: अतिदूर तेज, ज्यास जाणते क्वेसार म्हणती, त्याचा आवाज रेडिओच्या थोर तबकडींत घटकाभर निश्चळ ऐकावा आणि मगच अन्न घ्यावें, आणि राणीसाहेब जेवल्यावांचोन कोणीं जेवूं नये ही कुळाची चाल, मग महाराजांसहित अवघा दरबार उपाशी बैसला. आणि तेज तर निश्चळ होईना! आतां चढे, आतां उतरे, जैसें हट्टी मूल पाळण्यांत. मग राणीसाहेबांस घेरी येऊं लागली, आणि महाराजांनीं तबकडीचे कारभारी अंताजीपंत यांस बोलावोन फर्माविलें, "पंत, सांजेच्या आंत त्याला गप्प बसवा, नाहींतर तबकडीसकट गडाखालीं लोटूं!" पंत हात जोडोन बोलिले, "महाराज, तो बिचारा डुलत नाहीं. वाटेंत तापल्या वायूचे ढग आहेत, त्यांतून येतां आवाज थरथरतो. इवलासा दिसतो म्हणोन अधिकच. चांदणी लुकलुकते, गुरु-शुक्र लुकलुकतात काय? आपली पृथ्वी ढगाच्या चालीनें चालूं लागली, म्हणजे थरथर संथ होईल. तें ज्येष्ठांत." "ज्येष्ठांत!" महाराज ओरडले, "अहो, तोंवर उद्यापन कसलें, आमचें तेरावें होईल!" राणीसाहेब हळूच वदल्या, "असों द्या. नेम तो नेम."

तेव्हां पुरोहित धोंडभट पोट आवळोन भिंतीशीं निजले होते, ते ताडकन् उठले आणि म्हणाले, "पंत, ढग म्हणालांत ना? मग बाईसाहेब, संकष्टीस चंद्र ढगाआड गेला तर आपण काय करितां?" "पंचांगांत उदयाची वेळ पाहोन, त्या दिशेस अर्घ्य देऊन जेवतें." "मग हाही ढगच कीं! अंमळ लांबचा." राणीसाहेबांचे डोळे भरोन आले, तरी त्यांणीं पंतांस पुसिलें, "खरें सांगा हो. पोटासाठीं देवाशीं लबाडी नको." पंत म्हणाले, "दूरच्या गडावर दुसरी तबकडी आहे, बाईसाहेब. तेथें हीच थरथर थोडी मागाहून पोंचते. तोच डुलता तर दोहींकडे एकदमच कळतें. ढगाची सावली सरकत जाते, म्हणोन उशीर." मग राणीसाहेबांनीं त्या दिशेस अर्घ्य दिलें, घांस घेतला, आणि महाराजांनीं तर पान मांडण्याचीही वाट पाहिली नाहीं.

सारांश, देव ठायींच आहे, हलतें तें मधलें. आणि भटजी उपाशी असले म्हणजे शास्त्रास वाट सांपडते.