निर्जन रानात सोडलेला बोकड

पाप करायला फारशी जागा लागत नाही, ठेवायला लागते. आष्टीच्या आबारावांपुढे हीच अडचण होती. गावच्या गायरानात ते गुपचूप कापूस पेरत आले होते, आणि सोमवारी देवस्थान समितीचं अध्यक्षपद निष्कलंक माणसाला द्यायचं ठरलं होतं. (तसा माणूस न सापडल्यामुळे आबारावांचं नाव पुढे आलं.) पाप जावं आणि कापूस राहावा, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

पुतण्या ओमप्रकाश जालन्याच्या एमआयडीसीत कामाला होता आणि फावल्या वेळात मोबाइलवर जगभरचे धर्म ऐकायचा. त्याने प्राचीन इस्राएली लोकांची रीत सांगितली.

"काका, दुसऱ्याचं घेतलं असंल तर आधी परत द्यायचं, वर पाचवा हिस्सा द्यायचा, मंग बळी."

"हे लई किचकट हाय. दुसरं सांग जल्दी."

दुसरंही होतं. वर्षातून एकदा दोन बोकड आणायचे. एक देवाला कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांची पापं कबूल करायची आणि त्याला निर्जन रानात सोडायचं. पापं त्याच्यासोबत जातात. आबारावांना त्या लोकांविषयी मनापासून आदर वाटला.

रविवारी विधी झाला. बोकड गावात शेळ्या राखणाऱ्या गोपिकाबाईंचे होते, कारण शास्त्राला खोट नसलेले बोकड लागतात. (गायरान बंद झाल्यापासून त्यांचा कळप सडकेच्या कडेने चरत असे. तरी खोट नव्हती, हे विशेष.) पहिल्या बोकडाबाबत गावाला कोणाच्याही मार्गदर्शनाची गरज पडली नाही. रस्सा उत्तम झाला.

मूळ विधीत मुख्य याजक एकटाच पापं कबूल करतो. आष्टीत लोकशाही असल्याने रांग लागली. प्रत्येकाने दुसऱ्या बोकडाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पोटतिडकीने शेजाऱ्याचं पाप सांगितलं. धर्मराजने रखमाजीने कोरलेला बांध सांगितला, रखमाजीने धर्मराजचा विजेचा आकडा. अशा रीतीने एकही पाप सुटलं नाही आणि एकही माणूस अडकला नाही. आबारावांचं मात्र कुणीच काही काढलं नाही. रस्सा त्यांच्याकडून होता.

आता निर्जन रान हवं. गावाचं सगळं शिवार पेरलेलं. कागदोपत्री मोकळी अशी एकच जागा निघाली, ती म्हणजे गायरान. ते मोकळंच आहे, असं आबाराव दर वर्षी तलाठ्याला जातीने सांगत आले होते. वाजतगाजत मिरवणूक तिकडेच निघाली.

बोकड कापसात शिरला. त्याच्यामागे गोपिकाबाईंचा सगळा कळप शिरला. पाला, फुलं, कोवळी बोंडं, काही म्हणून सोडेना. आबारावांचा जीव तीळतीळ तुटत होता. शेवटी न राहवून त्यांनी दगड उचलला.

"का वो आबाराव," गोपिकाबाई म्हणाल्या, "तुमचं काही हाय का तिथं?"

सगळं गाव त्यांच्याकडे बघू लागलं. आबारावांनी दगड हळूच खाली ठेवला आणि शेंदूर लावलेला असावा तसे त्याला हात जोडले.

"न्हाई बा. माझं काय असणार तिथं?"

सोमवारी ते एकमताने अध्यक्ष झाले. कळप अजून तिथंच चरतो आणि अंगाने चांगला भरला आहे.

हे वाचताना तुम्हांला तुमच्या ओळखीतला एखादा आबाराव आठवला असेलच. म्हणजे रांगेत तुमचाही हात पोचला. तो तसाच राहू द्या; बोकडाचं डोकं तेच आहे.