होणाऱ्या जावयाची पहिली ऑर्डर

कोणाला काहीही शिकवायचं असेल तर ते खुशाल माझ्यावर सोपवावं, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आलो आहे. आणि उगाच नाही! फ्रान्समधल्या आमच्या ब्रेझाक गावात मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. चढावर गाडी मागे सरकली की स्टीअरिंग सोडून देवाचं नाव घेणाऱ्या माणसांना मी लायसन्स मिळवून दिलंय. आमच्या चर्चच्या पाद्रीबाबांना मी रिव्हर्स शिकवलाय, आणि तेव्हापासून चर्चचं फाटक एकदाच पडलंय! तेव्हा एका धडधाकट पोराला फ्रेंचमध्ये कॉफी आणि बिअर मागायला शिकवणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

पोरगा म्हणजे आर्तू. आमच्या मुलीचा, सोलेनचा होणारा नवरा. फिनलंडचा. उंची एवढी की आमच्या स्वयंपाकघरातला लोंबता दिवा त्याच्या कपाळाला चांगला ओळखतो. सोलेन आणि तो आपसात इंग्रजीत बोलतात, तेही बेताचंच. आर्तूला एक वाक्य आठवडाभर पुरतं. फ्रेंच त्याला अजिबात येत नव्हतं. पण पोरगा गुणी, सांगाल ते शब्दशः ऐकणारा. हे 'शब्दशः' तेवढं लक्षात ठेवा.

आता, ही ऑर्डर त्याला द्यायची होती माझ्या सासूबाईंना.

थांबा, मला जरा पाणी पिऊ द्या.

माझ्या सासूबाई, मादाम क्लेमांस, माझ्या कोपराएवढ्या उंच आहेत. चौकातलं कॅफे त्या पन्नास वर्षं चालवताहेत. त्या कधी ओरडत नाहीत. ओरडणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही, तो ओरडतो आणि मोकळा होतो. सासूबाई नुसत्या चष्म्यावरून बघतात! लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी मी त्यांना 'मादाम'च म्हणतो. एकदा धीर करून 'आई' म्हणालो होतो. त्यांनी मागे वळून पाहिलं, मी कोणाला हाक मारतोय ते!

एके दिवशी त्यांच्याकडे जेवणाच्या टेबलावर त्यांनी सुरी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "माझे गुडघे संपले. कॅफे सोडतेय मी."

सोलेनचा चेहरा उजळला. लहानपणापासून तिला एकच स्वप्न, आजीचं कॅफे चालवायचं. शाळेतून आली की दप्तर फेकून ती काउंटरमागेच जायची. त्या काउंटरखातर तर ती फिनलंडची चांगली नोकरी सोडून आर्तूला घेऊन इथे परत आली होती.

"आजी, मी आणि आर्तू..."

"त्या विमा कंपनीच्या माणसाला जागा हवीय," सासूबाई म्हणाल्या. "तो रोज फोन करतोय. तुला द्यायला माझी ना नाही. पण हा तुझा खांब? काउंटरच्या मागे उभं राहायचं तर आधी काउंटरसमोर उभं राहता आलं पाहिजे. रविवारी सकाळी त्याला पाठव. स्वतःचं पेय स्वतः मागू दे. मग ठरवते."

"पाठवतो की!" मी म्हणालो. "मी स्वतः तयारी करून घेतो, मादाम!"

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातला पाव खाली पडला.

"मुलगा एकटा येईल, बाझिल. तुमची सावलीसुद्धा मला तिथे दिसता कामा नये."

घरी येताना माझी बायको ओडील म्हणाली, "तू यात पडू नकोस. तू पडलास की काहीतरी पडतंच."

"अगं, पाद्रीबाबांना..."

"फाटक पडलं!"

मी दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. जागा, आमचं स्वयंपाकघर. मी कमरेला ओडीलचा फुलाफुलांचा ॲप्रन बांधला, खांद्यावर फडकं टाकलं आणि मालकीणबाई झालो. आवाजसुद्धा बायकी काढला. आर्तू ओट्यासमोर उभा. मी मान वाकडी करून विचारायचं, "आणि तुम्ही काय घेणार?" त्यानं पेयाचं नाव घ्यायचं. की पुन्हा मी, "आणि तुम्ही काय घेणार?" की पुन्हा त्यानं दुसरं नाव. नाश्त्याला हे, जेवणाला हे. दात घासताना मी दाराबाहेरून ओरडायचो, "आणि तुम्ही काय घेणार?" आणि आतून फेसातून उत्तर यायचं, "पास्तिस!"

शब्द नुसते पाठ केले तर विसरतात, म्हणून मी प्रत्येक शब्दाला एक माणूस जोडून दिला. कॅफेत रोज बसणारी मंडळी मला तोंडपाठ आहेत. निवृत्त पोस्टमन गास्तों म्हणजे अर्धी बिअर. खाटीक फेर्नां म्हणजे पास्तिस, ती आमची बडीशेपेच्या वासाची दारू. लोकरीचं दुकान चालवणारी पोलेट म्हणजे सोडा घातलेलं पुदिन्याचं सरबत. आणि आर्तूचं स्वतःचं पेय, नॉझेत, म्हणजे थेंबभर दूध घातलेली काळी कॉफी. काय उच्चार बसला होता पोराचा! डोळे मिटून ऐकलं तर याच गावात जन्मलाय असं वाटावं.

शनिवारी मी त्याला शेवटचे नियम दिले. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांनाच देतो.

"हे बघ, सासूबाईंना बडबड खपत नाही. आत जायचं, सरळ काउंटर गाठायचा, इकडेतिकडे बघायचं नाही. पेयाचं नाव घ्यायचं. त्यावर एक अक्षर जास्त नको! त्यांनी दिलं नाही तर समजायचं, ऐकू गेलं नाही, पुन्हा सांगायचं, मोठ्यानं. तरी दिलं नाही तर समजायचं, ते संपलंय. पुढचं मागायचं. कळलं?"

सोलेननं भाषांतर केलं. आर्तूनं मान हलवली. दिव्यानं त्याला ओळख दिली.

रविवार उजाडला. मी घरीच थांबणार होतो, शपथेवर सांगतो! पण पोरगा रस्त्यानं चालत गेलेला पाहिला, त्याची पाठ पाहिली, आणि मला राहवेना. मी मागच्या गल्लीनं धावलो. कॅफेच्या मागच्या अंगणात बिअरची पिंपं असतात, त्यांच्यामधून अंग चोरत मोरीशेजारच्या बोळात शिरलो. तिथे एक जाड हिरवा पडदा आहे. त्याच्या फटीतून काउंटर दिसतो. मी जीव मुठीत धरून उभा राहिलो. सासूबाईंना मी इथे सापडलो तर काय होईल, हा विचार मनात येऊ नये म्हणून मी गिअर बदलायचा क्रम आठवत होतो.

दार वाजलं. आर्तू वाकून आत आला. गास्तों, फेर्नां आणि पोलेट खिडकीजवळ पत्ते खेळत होते. सासूबाई काउंटरमागे रुमालानं ग्लास पुसत होत्या.

आर्तू सरळ काउंटरपाशी गेला. इकडेतिकडे पाहिलं नाही. शाब्बास!

"एक नॉझेत."

क्या बात! पडद्यामागे मी स्वतःशीच मूठ आवळली.

सासूबाईंनी ग्लास पुसता पुसता म्हटलं, "बोंजूर."

आर्तू क्षणभर थांबला. ऐकू गेलं नाही वाटतं! त्यानं छाती भरून घेतली.

"एक नॉझेत!"

"बोंजूर," सासूबाई म्हणाल्या. जरा सावकाश.

माझ्या पायांखालची जमीन सरकली.

बोंजूर! म्हणजे आमचा नमस्कार! मी त्याला बोंजूर म्हणायला शिकवलंच नव्हतं! पण ते शिकवायचं असतं हेच आमच्याकडे कोणाला माहीत नाही हो. श्वास घे म्हणून कोणी शिकवतं का? दुकान असो, बस असो, दवाखाना असो, आधी बोंजूर, मग काय ते. आमच्याकडे नदीत बुडणारा माणूससुद्धा काठावरच्याला आधी बोंजूर म्हणेल आणि मग दोर मागेल! पण एका माणसाला दिवसातून एकदाच म्हणायचं असतं. आर्तूला ते सकाळी उठल्या उठल्या ओडील म्हणायची, तो मान हलवायचा. मग शिकवणीत ते आणखी कशाला? आणि वर मीच त्याला बजावलं होतं, एक अक्षर जास्त नको!

संपली वाटतं नॉझेत, असं आर्तूच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. त्यानं पुढचं मागितलं.

"अर्धी बिअर."

"बोंजूर."

खिडकीजवळ गास्तोंनं पत्त्यांतून डोकं वर काढलं. "काय रे, माझी बिअर सांगतोय तो?"

"पास्तिस!" आर्तू म्हणाला.

"बोंजूर."

"अरे, आणि हे माझं!" खाटीक फेर्नां खुर्चीतून अर्धा उठला.

"सोडा घातलेलं पुदिन्याचं सरबत!"

"अगंबाई, मलासुद्धा?" पोलेट लाजली. "पोरगा सगळ्यांना पाजतोय!"

"आणि कोण काय पितं ते पाठ करून आलाय!" गास्तों भारावून म्हणाला. "क्लेमांस, नातजावई हिरा आहे हिरा! भरा की ग्लास!"

"बोंजूर," सासूबाई म्हणाल्या.

"आम्ही सकाळीच म्हणालो की!"

"तुम्हाला नाही!"

तिघेही उठून आले. फेर्नांनं आर्तूचा हात धरून असा हलवला की वाटावं, खांदा बकऱ्याचाच आहे. आर्तूला काहीच कळेना. कपाळावर घाम, कान टोमॅटोसारखे लाल. या दुकानात बहुतेक सगळंच संपलंय, तरी लोक अभिनंदन का करताहेत? बिचाऱ्यानं पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. "नॉझेत! बिअर! पास्तिस! पुदिना!" त्याचा आवाज फाटत होता. प्रत्येक शब्दाला पलीकडून एकच उत्तर, बारीक, थंड, "बोंजूर. बोंजूर. बोंजूर."

मग सासूबाईंनी रुमाल खाली ठेवला.

त्यांनी रुमाल खाली ठेवलेला मी आयुष्यात दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा समोरचा माणूस नंतर गाव सोडून गेला! त्यांचा हात टेलिफोनकडे निघाला. विमावाला! मला सोलेन दिसली, दप्तर फेकून काउंटरमागे धावणारी. माझी पोर! आणि तिचं सगळं माझ्या शिकवणीपायी बुडत होतं. मला ब्रह्मांड आठवलं. पण पाय कधी हलले ते मला कळलंच नाही.

"बोंजूर म्हण!" मी पडद्यासकट आत घुसलो. "अरे बाबा, बोंजूर म्हण! बोंजूर!"

पडद्याची दांडी माझ्या मागोमाग खाली आली. त्यावरची हॅट ठेवायची फळीसुद्धा. ओडीलचं खरं होतं, मी पडलो की काहीतरी पडतंच.

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी हिरव्या पडद्यात गुंडाळलेला, गुडघ्यावर. मला वाटलं, ड्रायव्हिंग स्कूल विकून फिनलंडला जावं. तिथे लोक बोलत तरी नाहीत.

"बोंजूर, मादाम," आर्तू हळूच म्हणाला.

सासूबाईंचा हात टेलिफोनवरून मागे आला.

"बोंजूर, मिस्यू." आवाज अगदी निराळा. "बोला. काय घेणार?"

आणि आर्तू गप्प! इतक्या वेळा इतक्या जोरात ओरडून त्याचे सगळे शब्द संपले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी 'नॉझेत, नॉझेत' असं ओठांनी सांगत होतो, पण तोंडात पडदा होता. त्याचे डोळे मोठे झाले, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ज्याचा त्याच्यावर मारा झाला होता ते एकच वाक्य बाहेर पडलं. मान वाकडी करून, अगदी माझ्या मालकीणबाईच्या आवाजात.

"आणि तुम्ही काय घेणार?"

मेलो, असं मला वाटलं. फेर्नां स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. पोलेटनं डोळे मिटले.

"मी?" सासूबाई म्हणाल्या.

त्या कॅफेत लोक रोज एकमेकांना पाजतात. आज तुझ्याकडून, उद्या माझ्याकडून, ही पद्धतच आहे. पण काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईला आजवर एकानंही विचारलं नव्हतं. कोणाची छाती होती! मी घरचा जावई, मीसुद्धा नाही. पन्नास वर्षं त्या दुसऱ्यांचे ग्लास भरत होत्या. मला एकदम फार वाईट वाटलं. सासूबाईंच्या बाबतीत घाबरण्याखेरीज दुसरं काही वाटण्याची सवय नसल्यामुळे मी आणखीच घाबरलो.

"मी..." सासूबाईंनी रुमालाची घडी केली. ती पुन्हा मोडली. "चेरीची घेईन. थोडीशी."

चेरीच्या दारूची ती बाटली सगळ्यात वरच्या फळीवर, मागे होती. शिडीशिवाय तिथे हात पोचत नाही. आर्तूनं नुसता हात वर केला आणि काढून दिली. धूळ त्यानं आपल्या बाहीनंच पुसली. मग सासूबाईंनी गास्तोंची बिअर भरली, फेर्नांचं पास्तिस, पोलेटचं सरबत, आर्तूची नॉझेत. सगळ्यांत शेवटी स्वतःचा छोटा ग्लास. ग्लासाला ग्लास भिडवताना आमच्याकडे समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. त्यांनी आर्तूच्या डोळ्यांत पाहिलं, मान पार मागे टाकून. चष्म्यावरून नव्हे, चष्म्यातून.

"सोलेनला सांगा," त्या म्हणाल्या, "चाव्या उद्या घेऊन जा म्हणावं. आणि इथला दिवा मी उंच करून घेते. डोकं फुटेल तुमचं."

आर्तूला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण तो हसला. गास्तोंनं टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला!

आणि खरं सांगायचं तर छातीसुद्धा फुगली. शेवटी पोराला शिकवलं कोणी? ते वाक्य कोणाचं? मी अंगावरचा पडदा झटकला, केस सारखे केले आणि घरच्या माणसाच्या रुबाबात काउंटरवर कोपर टेकलं.

"मादाम, आता मलाही एक कॉफी होऊन जाऊ दे!"

सासूबाईंनी चेरीचा ग्लास खाली ठेवला. रुमाल उचलला. एक कोरडा ग्लास घेऊन तो सावकाश पुसायला लागल्या. आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या,

"बोंजूर, बाझिल."