चक्कीच्या भिंतीवरची तिसरी ओळ

आजच्या तारखेला पूर्वी कधी तुमच्या गावात काय घडलं होतं? देशात काय घडलं ते मोबाइल सांगतो, मैदानावर काय घडलं तेही सांगतो. मी तुमच्या गावाचं विचारतोय. नाही ना सांगता येत?

आमच्या अमडापुरात येतं. पिठाच्या चक्कीच्या भिंतीवर एक चौकोन काळा रंगवलेला आहे. त्यावर दौलतकाका रोज सकाळी खडूने तीन ओळी लिहितात. पहिली देशाची, दुसरी खेळाची, तिसरी गावाची. तिन्ही एकाच मापाच्या अक्षरांत. पंचवीस जूनला भिंत अशी होती:

देश: आणीबाणी लागली.
खेळ: क्रिकेटचा विश्वचषक जिंकला.
गाव: रामकोरबाईच्या म्हशीला जुळी रेडकं झाली.

मी पत्रकं वाटत मोठा झालेला माणूस. भडकलोच.

"काका, आणीबाणी आणि म्हैस एकाच मापात?"

"काऊन? म्हैस गावातली नाही का?"

"पण आणीबाणी केवढी मोठी गोष्ट!"

"तिचं लिहाले सारा देश पडला हाये. रामकोरच्या म्हशीचं कोन लिहीन, तू?"

पुढे एका मोर्चाच्या आधी मी त्यांच्याकडे एक दिवस भिंत मागितली. एकच घोषणा लिहायची होती. काकांनी खडू खिशात टाकला. "घोषणेले तारीख नसते बे," म्हणाले, आणि चालू पडले.

चालू पडणं हा त्यांचा स्वभावच. सत्तरी ओलांडली तरी बूड टेकत नाहीत. टेकलंच तर चप्पल पायातच. हायस्कुलात शिपाई होते. सकाळी प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर तारीख टाकायचं काम त्यांचं, आणि निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागला म्हणून चक्कीची भिंत धरली, असं गाव समजतं. तिसऱ्या ओळीसाठी ते घरोघर फिरतात. कोणी काही सांगायला लागलं की मध्येच तोडतात, "तारीख सांग आधी, गोष्ट मागाहून."

म्हाताऱ्या माणसांचा तर ते पिच्छाच पुरवतात, आणि सगळं विचारून झालं की शेवटी एक प्रश्न ठरलेला: बाजारातल्या विहिरीजवळची चिंच कधी पडली? मागे पांडूआबा अंथरुणाला खिळले, तेव्हा काका उशाशी जाऊन हेच विचारत होते. आबांच्या सुनेने हात जोडले. "अहो, मानूस चाललं आन् तुमी चिंचेचं काय इचारून राह्यले?" काका उठले. दारातून परत फिरले आणि म्हणाले, "शुद्धीवर आले तर इचारजा." चक्कीवर आम्ही हा किस्सा आठवडाभर पुरवून हसलो.

यंदा एक जूनला मी एक आगाऊपणा केला.

एक जून म्हणजे आमच्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस. शाळेत नाव घालताना पोराची जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी सरळ एक जून मांडायचे. काकांचीही तीच. त्या दिवशी ते भिंतीवर काहीच लिहीत नाहीत. मला वाटलं, लाजतात. म्हणून सकाळीच जाऊन तिसरी ओळ मी लिहिली: 'गाव: आज दौलतकाकांचा वाढदिवस.'

काका आले. वाचलं. फडकं खिशात असताना सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी भिंत कोरी. तिसऱ्या दिवशीही. दळणाला आलेल्या बाया मला विचारू लागल्या, "काय केलं रे तू त्याईले?"

चौथ्या दिवशी मी घरी गेलो. काका पहिल्यांदाच चप्पल काढून बसलेले दिसले.

"खोट्या तारखेनं शाळेत गेलो," ते म्हणाले. "खोट्या तारखेनंच नोकरी लागली आन् संपली. आता भिंतीवर बी खोटं लिहू काय?"

"मग खरी कोणती, काका?"

"माय सांगे, ते बाजारात गेली होती. कासारानं तिले हिरव्या बांगड्या भरल्या. ते उठली आन् वावधन सुटलं, त्या वाऱ्यात चिंच आडवी झाली, कासाराच्या दुकानावरच. कोनाले लागलं नाही. माय धावत घरी आली, आन् दिवस मावळाच्या आत मी झालो. तिले तारीख येत नव्हती. चिंच येत होती."

मी त्यांच्याजवळ खाली बसलो.

"चिंच पाह्यलेली पाच-सहा मानसं होती. पांडूआबाबी गेले. आता कोन सांगीन?"

"भिंतीवर लिहा ना. कोणीतरी वाचेल."

"गावाच्या भिंतीवर आपल्या घरचं लिहू नाही."

दुसऱ्या दिवशी तिन्ही ओळी परत आल्या. पण ते लिहिणार नाहीत, म्हणून मी इथे लिहितोय, त्यांना न विचारता. तुमच्या घरात अमडापूरकडचं, ऐंशीच्या पुढचं कोणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: बाजारातली चिंच कधी पडली? नेमकी तारीख नसली तरी महिना चालेल, सण चालेल, पेरणीच्या आधी की नंतर एवढंही चालेल. कळलं, तर दौलतकाका यायच्या आत चक्कीवर या आणि तिसऱ्या ओळीत लिहून टाका. खडू खिडकीतच असतो.